बाबांना जीसिक्सपीडीची कमतरता आहे, बायपाससाठी भूल देता येईल का?

प्रश्न ऐरोलीहून आलाय. बाबा ६१ वर्षांचे, डायबेटिस आहे, अँजिओग्राफीत तीन नसांमध्ये ब्लॉक निघालेत आणि बायपास सांगितलीय. बारा वर्षांपूर्वी त्यांना मलेरिया झाला होता, ताप उतरल्यावर चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिवळे, ॲडमिट करून रक्त चढवावं लागलं. तेव्हा टेस्टमध्ये जीसिक्सपीडी नावाचं एन्झाइम कमी निघालं. आता ही हिस्ट्री ऐकल्यावर एका ठिकाणी फिटनेस थांबवलाय, "भूल रिस्की आहे, बघून सांगतो" म्हणाले. मुलगा विचारतोय की भूल देता येईल का, कुठली औषधं चालत नाहीत, आणि हे मला पण असेल का.

मी बावीस वर्षं हार्टच्या केसेसना भूल देतेय, सध्या ठाणे आणि नवी मुंबईत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: हो, देता येते. जीसिक्सपीडी कमी आहे म्हणून बायपास नाकारायचं कारण नाही. पण तुमच्या घरात सगळ्यांची भीती "भूल" या शब्दावर येऊन थांबलीय, आणि खरा धोका तिथे नाहीये. ऑपरेशनच्या टेबलावर मी स्वतः बाबांच्या डोक्याशी उभी असते, प्रत्येक इंजेक्शन माझ्या हातातून जातं. धोका त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत आहे, जेव्हा रात्री दोन वाजता कुणीतरी दुसरा डॉक्टर सवयीने एक औषध लिहितो आणि त्याला बाबांची ही गोष्ट माहीतच नसते. माझं बाकीचं सगळं उत्तर याभोवतीच आहे.

आधी एक खात्री करून घ्या. "एन्झाइम कमी आहे" हे वाक्य घरोघरी वेगवेगळ्या अर्थाने फिरतं. भुलीच्या बाबतीत ज्याची जास्त भीती असते ते एन्झाइम वेगळं, कोलिनेस्टरेज. ते जन्मतः कमी असलं तर स्कोलिन नावाच्या, स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा असर काही मिनिटांऐवजी काही तास राहतो आणि पेशंट तेवढा वेळ स्वतः श्वास घेत नाही, व्हेंटिलेटरवर ठेवावा लागतो. आपल्या देशात आर्य वैश्य समाजात हे बऱ्यापैकी दिसतं. जीसिक्सपीडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. माझ्याकडे एकदा केस पेपरवर नुसतं "एन्झाइम डेफिशियन्सी" लिहिलेला पेशंट आला होता आणि नक्की कुठलं ते शोधण्यात अर्धा दिवस गेला. तुमच्या बाबांची मलेरियाच्या गोळ्यांची हकीकत मात्र इतकी बोलकी आहे की शंका राहत नाही. त्या गोळ्या म्हणजे प्रायमाक्विन, आणि हा आजार जगाला नीट कळला तोच मुळात १९५६ साली, प्रायमाक्विन घेतल्यावर काही जणांचंच रक्त का फुटतं, म्हणजे लाल पेशी का फुटतात, हे शोधताना.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण एकदा ते समजलं की औषधांची यादी पाठ करावी लागत नाही. खाडीकाठच्या घरांच्या खिडक्यांचे ग्रिल बघा, खाऱ्या हवेने गंज चढतो, पण दरवर्षी रंगाचा हात मारला तर टिकतात. आपल्या लाल पेशी दिवसरात्र ऑक्सिजन वाहतात, म्हणजे कायम खाऱ्या हवेतच. त्यांचा रंग म्हणजे ग्लुटाथायोन, आणि तो रंग परत परत मारायचं काम ज्याच्या जिवावर चालतं ते जीसिक्सपीडी. शरीरातल्या बाकी पेशींना दुसरे मार्ग असतात, लाल पेशीला हा एकच. शिवाय लाल पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे एन्झाइम संपलं की नवीन बनवता येत नाही, पेशी जितकी जुनी तितकं ते कमी. एरवी बाबांचं व्यवस्थित भागतं, साठ वर्षं भागलंच की. पण प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन यांसारखं गंज चढवणारं औषध आलं, किंवा जोराचं इन्फेक्शन झालं, की हिमोग्लोबिन खराब होतं, जुन्या पेशी फुटतात, आणि ते लघवीतून काळं लाल बाहेर पडतं.

यातूनच रिपोर्ट कसा वाचायचा तेही कळतं. पेशी फुटल्यानंतर लगेच टेस्ट केली तर रक्तात नव्या, कोवळ्या पेशी जास्त असतात, त्यांच्यात एन्झाइम बरं असतं, आणि रक्त चढवलेलं असेल तर दात्याच्या पेशी पण असतात, म्हणून रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. बाबांचा त्या गोंधळात सुद्धा कमी आला, म्हणजे कमतरता खरी आहे आणि बऱ्यापैकी आहे असं मी धरून चालते. तरी नुसतं "डेफिशियंट" असं लिहिलेलं असेल तर आकडा देणारी टेस्ट एकदा करून घ्या, ती मोठ्या लॅबमध्ये होते. तुम्ही लिहिलंय की "आमच्याकडे असलं काही कधी ऐकलं नाही". हा परका आजार नाही हो. जगात सुमारे ४० कोटी लोकांना ही कमतरता आहे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे जास्त, कारण ही कमतरता मलेरियापासून थोडं संरक्षण देते. याच्या एका प्रकाराचं नावच जीसिक्सपीडी कल्याण आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात सापडलेला प्रकार म्हणून त्याची नोंद झाली, आणि १९९२ मध्ये कळलं की केरळ नावाने नोंदलेला प्रकार आणि हा, दोन्हीत जनुकातला बदल एकच आहे. आपल्या ट्रेनच्या स्टेशनचं नाव जगभरच्या रक्तविज्ञानाच्या पुस्तकात आहे, फक्त आपल्याला माहीत नसतं.

भुलीची औषधं. प्रोपोफॉल, फेंटानिल, केटामाइन, स्नायू सैल करणारी नेहमीची इंजेक्शनं, यातलं काही मी अशा पेशंटला टाळत नाही. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन आणि मिडाझोलॅम यांच्याबद्दल तुम्ही कुठे वाचाल की ती या एन्झाइमचा वेग कमी करतात, ते टेस्ट ट्यूबमध्ये दिसलेलं आहे, माझ्या पेशंट्समध्ये त्याने रक्त फुटलेलं मी पाहिलं नाही आणि मी ती वापरते. हेपरिन, प्रोटामिन, ट्रॅनेक्सामिक ॲसिड, सेफाझोलिनसारखी अँटिबायोटिक्स चालतात. पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसमध्ये चालतं. ॲस्पिरिनबद्दल घाबरून कुणी बंद करायला सांगितलं तर आधी कार्डिओलॉजिस्टला विचारा, हार्टसाठी जो ७५ किंवा १५० मिलिग्रॅमचा डोस असतो तो या लोकांना चालतो, आणि बाबांच्या नसांना त्याची गरज आहे. जागा बधिर करायला मी लिग्नोकेन वापरते, प्रायलोकेन असलेलं क्रीम आणि बेन्झोकेनचा स्प्रे टाळते, कारण त्या दोघांनी हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन, होऊ शकतं, आणि ते झालं तर त्यावरचं नेहमीचं औषध बाबांना देता येत नाही. ते औषध म्हणजे मिथिलीन ब्लू.

मिथिलीन ब्लूवर जरा थांबते कारण हार्ट सर्जरीत हाच सगळ्यात मोठा खड्डा आहे. हार्ट-लंग मशीनवर केलेल्या ऑपरेशननंतर काही पेशंट्सच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, हार्ट चांगलं चालतंय पण बीपी वर येतच नाही, बीपी वाढवणारी औषधं, म्हणजे नॉरॲड्रेनालिन वाढवत नेलं, व्हॅसोप्रेसिन लावलं तरी नाही. अशा वेळी जगभर मिथिलीन ब्लू देतात, किलोमागे दीड-दोन मिलिग्रॅम, आणि बऱ्याच जणांचं बीपी खरंच सुधारतं. पण हे निळं औषध लाल पेशीत गेलं की त्याला सांभाळून घ्यायला नेमकं जीसिक्सपीडीच लागतं. ज्याच्याकडे ते नाही त्याच्या रक्तात हेच औषध उलट गंज चढवतं आणि पेशी फोडतं. म्हणजे बीपी आधीच पडलेलं, किडनी ताणलेली, त्यात हिमोग्लोबिन निम्म्यावर. मेथहिमोग्लोबिनसाठी दिलं तरी तीच गत, तिथे ते कामही करत नाही आणि वर नुकसान करतं. म्हणून मी दोन गोष्टी करते. एक, ते लागण्याची वेळच येऊ नये म्हणून आधीपासून तयारी: रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून थांबवते (हे आम्हीच सांगतो, तुम्ही मनाने थांबवू नका), आणि व्हॅसोप्रेसिन लवकर सुरू करते, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवत नाही. दोन, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी थिएटरच्या आणि आयसीयूच्या ट्रॉलीतून मिथिलीन ब्लूचे अँप्यूल स्वतः काढून फार्मसीत परत पाठवते. सिस्टर लोकांना ते जरा जास्त वाटतं, पण हाताशी नसलेलं औषध घाईत कुणी देत नाही.

पंपाचं काय? हार्ट-लंग मशीनवर रक्त नळ्यांतून, रोलरमधून, सक्शनमधून जातं, तिथे कुणाच्याही काही पेशी फुटतात, आणि शरीरात ऑक्सिडेशनचा ताण वाढतो. जीसिक्सपीडी कमी असलेल्यांत हे जास्त होतं, ऑपरेशननंतर व्हेंटिलेटर थोडा जास्त वेळ लागतो, रक्तही जास्त लागू शकतं, हे अभ्यासातही आलंय आणि मीही पाहिलंय. तुमच्या बाबांच्या बाबतीत चांगली गोष्ट अशी की बायपास हार्ट चालू ठेवून, मशीनशिवाय करता येते, आपल्याकडचे बरेच सर्जन तशीच करतात. तर सर्जनना सरळ विचारा, "ऑफ पंप होईल का?" पण हट्ट धरू नका. नसा फार बारीक असतील, हार्टचं पंपिंग कमी असेल, हार्ट हलवल्यावर बीपी कोसळत असेल तर पंपावर शांतपणे केलेली चांगली बायपास ही ओढूनताणून केलेल्या ऑफ पंपपेक्षा बरी. पंपावर गेलो तर वेळ कमी ठेवायचा, सक्शन जपून वापरायचं, पेशंटला फार थंड करायचं नाही, ॲसिडोसिस (रक्तातलं ॲसिड वाढणं) होऊ द्यायचा नाही, शुगर वर जाऊ द्यायची नाही. व्हॉल्व्हचं ऑपरेशन असतं तर हा पर्याय नसता, तिथे पंप लागतोच.

आता ती रात्रीची गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी, नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये, साठीतल्या एका बाईंचा व्हॉल्व्ह बदलला. जीसिक्सपीडी कमी आहे हे आम्हाला माहीत होतं, ऑपरेशन सुंदर झालं, दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बसून चहा प्यायल्या. मी आयसीयूत हँडओव्हर तोंडी दिला होता आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. पण आयसीयूत पहिलं पान कोण बघतं, रोजचा चार्ट बघतात. तिसऱ्या रात्री लघवीला जळजळ, थोडा ताप, कॅथेटर होता त्यामुळे युरिन इन्फेक्शन वाटलं, आणि ड्यूटी डॉक्टरने नायट्रोफ्युरँटॉइनच्या गोळ्या लिहिल्या. इतर कुणासाठी अगदी बरोबर औषध. दोन दिवसांनी युरिन बॅग कोकमाच्या आगळासारखी झाली, हिमोग्लोबिन साडेदहावरून सातच्या खाली आलं. गोळ्या बंद केल्या, भरपूर सलाइन, तीन बाटल्या रक्त, किडनी वाचली, बाई घरी गेल्या. पण ते चार दिवस टळू शकले असते, आणि त्या मुलाची चूक मी मानत नाही, त्याला दिसेल अशा जागी मी लिहिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या अशा पेशंटच्या मनगटावर लाल बँड असतो, रोजच्या औषधांच्या चार्टवर सगळ्यात वर लाल पेनाने लिहिलेलं असतं, बेडच्या पायथ्याशी कागद असतो. त्या कागदावर पाच-सहाच नावं: मिथिलीन ब्लू, प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, रासब्युरिकेज, आणि सल्फावाली अँटिबायोटिक्स विचारल्याशिवाय नाही. लांबलचक यादी लावली की कुणी वाचत नाही. तुम्हीही हा कागद घरी छापून न्या आणि आयसीयूच्या सिस्टरच्या हातात द्या, वाईट वाटून घेणार नाहीत त्या.

रक्त फुटणं औषधानंतर साधारण एक ते तीन दिवसांत दिसायला लागतं. भुलीत असताना पेशंट सांगू शकत नाही की कंबर दुखतेय, धाप लागतेय, म्हणून बघायचं आम्हाला. मी ऑपरेशनच्या आधीच हिमोग्लोबिन, रेटिक काउंट (नव्या लाल पेशी किती ते), बिलिरुबिन आणि एलडीएच (पेशी फुटल्या की हे दोन्ही वाढतात), क्रिएटिनिन (किडनीसाठी) करून ठेवते, म्हणजे नंतर तुलना करायला आकडे हातात असतात, आणि पुढचे चार-पाच दिवस रोज बघते. पंपानंतर पहिल्या काही तासांत लघवी गुलाबी असणं बऱ्याच जणांत होतं, तेवढ्याने घाबरायचं नाही. पण एकदा स्वच्छ झालेली लघवी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत गडद झाली तर लगेच सांगायचं, हे काम घरच्यांनाही जमतं. आणखी एक खूण, बोटाला लावलेल्या मशीनवर सॅच्युरेशन ८५च्या आसपास अडकून राहिलं, ऑक्सिजन वाढवूनही हलत नाही, आणि रक्त चॉकलेटी दिसतंय, तर ते फुफ्फुस नसून मेथहिमोग्लोबिन असू शकतं, ते वेगळ्या मशीनवर मोजावं लागतं.

डायबेटिसचं एक सांगायचं राहिलं. तीन महिन्यांची शुगर म्हणून जो एचबीएवनसी बघतात तो या लोकांत खोटा कमी येऊ शकतो, कारण लाल पेशी कमी दिवस जगतात आणि त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही. "साडेसहा आहे, मस्त कंट्रोल" असं समजून ऑपरेशनला गेलो आणि प्रत्यक्षात शुगर तीनशे, असं नको. आत्तापासून घरी ग्लुकोमीटरवर उपाशी आणि जेवणानंतरचे आकडे वहीत लिहा आणि ती वही घेऊन या.

रक्ताबद्दल. दोन-तीन बाटल्यांची सोय करायला सांगतील, बदली रक्त द्यायला नातेवाईक जमतील. ब्लड बँकेत जीसिक्सपीडीची टेस्ट रूटीनमध्ये होत नाही. तुम्ही दिलेलं रक्त बाबांनाच जातं असंही नाही, ते कुणालाही जातं. तरी माझी सवय अशी आहे की बाबांचे सख्खे भाऊ आणि आजीकडचे पुरुष नातेवाईक यांनी टेस्ट न करता देऊ नये, मित्रमंडळी आणि ऑफिसचे लोक द्यायला असतातच.

घाई किती आहे यावर बरंच अवलंबून आहे. ब्लॉक डाव्या मुख्य नसेत असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल तर या सगळ्या टेस्टसाठी थांबायचं नाही, हिस्ट्री पुरेशी आहे, कमतरता आहे असं धरून ऑपरेशन करायचं. त्रास चालल्यावरच होतोय, हार्टचं पंपिंग चांगलंय, तर आठवडाभर घेऊन हिमोग्लोबिन, दात, लघवी, छाती बघून इन्फेक्शन नाही ना ते तपासलेलं चांगलं, कारण इन्फेक्शननेही औषधांसारखंच रक्त फुटतं. ज्यांनी फिटनेस थांबवलाय त्यांच्यावर रागावू नका, माहीत नसताना घाईत ऑपरेशनला नेणाऱ्यापेक्षा थांबून विचारणारा डॉक्टर बरा. कार्डियाक भूलतज्ज्ञाची वेगळी अपॉइंटमेंट मागा, जुनं डिस्चार्ज कार्ड, तो टेस्टचा रिपोर्ट, अँजिओची सीडी, टू-डी इको आणि सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक चूर्ण चालू असेल तर तेही.

खाण्याचं लोक फार विचारतात. "बीन्स बंद" असं कुणीतरी सांगतं आणि घरातलं वालाचं बिरडं बंद होतं, पोपटीला जाणं बंद होतं. त्रास देणारी शेंग बाकला, ती वेगळी वनस्पती आहे, हिंदीत पण बाकलाच म्हणतात, ती टाळा. वाल मी माझ्या पेशंट्सना बंद करत नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या मात्र काढून टाका. त्यातल्या नॅफ्थलीनने या लोकांचं रक्त फुटतं, आणि हॉस्पिटलला नेण्यासाठी पेटीतून काढलेली शाल, चादर त्याच गोळ्यांत ठेवलेली असते. धुऊन उन्हात वाळवून मगच न्या.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. हे जनुक एक्स क्रोमोसोमवर असतं. बाबांकडून मुलाला वाय मिळतो, एक्स नाही, म्हणजे बाबांचं हे तुम्हाला आलेलं नाही आणि तुमच्या मुलांना तुमच्याकडून जाणार नाही. पण तुम्ही लिहिलंय की बहीण आहे, घणसोलीला असते, तिला चार वर्षांचा मुलगा आहे. बाबांचा तो एक्स तिला मिळालेलाच आहे, त्यात पर्याय नाही, आणि तिच्या मुलाला यायची शक्यता निम्मी. बहिणीची साधी स्क्रीनिंग टेस्ट नॉर्मल आली तरी त्यावर जाऊ नका, बायकांमध्ये ती चुकते, आकडा देणारी टेस्ट करायची. मुलाची मात्र लगेच करून घ्या, पाऊस सुरू व्हायच्या आत, म्हणजे उद्या त्याला ताप आला आणि मलेरिया निघाला तर प्रायमाक्विन लिहिण्याआधी डॉक्टरांना दाखवायला कागद हातात असेल. बाबांच्या वेळी तो नव्हता.